चोरखमाऱ्याचा जलाशय आणि खुला समुद्र : नौकेवरून बदलत्या प्रकाशाचे चित्रण

गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा तालुक्यात, नागझिऱ्याच्या अरण्याच्या कडेला, चोरखमारा हे गाव आणि त्याच नावाचा जलाशय आहे. समुद्र येथून फार दूर. रेल्वेने मुंबई गाठावयाची म्हटल्यास सुमारे हजार किलोमीटरांचा प्रवास पडतो. असे असता सागरचित्रणाच्या विवेचनास या गावापासून आरंभ करण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. प्रयोजन असे की, नौकेत बसून पाण्यावरील प्रकाश रंगविण्यात ज्या अडचणी येतात त्यांपैकी कोणत्या पाण्यामुळे येतात, कोणत्या समुद्रामुळे येतात आणि कोणत्या केवळ नौकेमुळे येतात, यांची फोड सागरतीरी राहून करणे कठीण असते. तेथे तिन्ही एकदमच डोळ्यांपुढे उभ्या राहतात. जंगलाने वेढलेल्या एखाद्या जलाशयावर डोंग्यात बसून हाच उद्योग केला, तर त्यांतील एकेक अडचण वेगळी काढून पाहता येते.

जुन्या भंडारा जिल्ह्याची, आणि १९९९ साली त्यातून निघालेल्या गोंदिया जिल्ह्याची, ख्याती तलावांबद्दल आहे. कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव, लहान बोड्या आणि पुढील काळातील पाटबंधाऱ्यांचे मोठे जलाशय यांमुळे या भागातील माणसाला पाण्याचे मोठे पृष्ठ ही काही अपूर्व वस्तू नव्हे. ढिवर मंडळी डोंग्यातून मासेमारी करतात. वाऱ्याची दिशा आणि पाण्याचा रंग त्यांच्या नित्य व्यवहारातील आहेत. कलाशाळेत शिकणारा विद्यार्थी मात्र पाणी रंगवावयाचे म्हटले की मुंबईच्या किंवा कोकणच्या चित्रांतील निळ्या-हिरव्या पट्ट्यांचे अनुकरण करू लागतो. ते पाणी त्याने पाहिलेले नसते. आणि जे त्याने पाहिलेले असते ते त्याच्या कागदावर उतरत नाही. विदर्भातील होतकरू चित्रकाराची ही अडचण खरी आहे, आणि तिचे निराकरण केवळ 'निसर्ग पाहा' एवढ्या उपदेशाने होण्यासारखे नाही. काय पाहावयाचे, हे प्रथम समजले पाहिजे.

पाण्याला रंग कोठून येतो

या प्रश्नाचा एक महत्त्वाचा अध्याय जहाजावरच लिहिला गेला. १९२१ साली कलकत्ता विद्यापीठातील पालित प्राध्यापक चंद्रशेखर वेंकट रामन हे इंग्लंडहून 'नारकुंडा' नावाच्या जहाजाने परत येत होते. भूमध्य समुद्राच्या गडद निळाईने त्यांचे लक्ष वेधले. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाच्या निळ्या रंगाचे प्रतिबिंब होय, हे लॉर्ड रॅले यांचे मत त्या काळी प्रमाण मानले जाई. रामन यांनी जवळच्या एका निकोल लोलकातून पाण्याकडे पाहिले. पाण्याच्या पृष्ठावरून एका विशिष्ट कोनातून परावर्तित झालेला प्रकाश ध्रुवित असतो; लोलक योग्य तऱ्हेने फिरविला असता तो जवळजवळ नाहीसा होतो. आकाशाचे प्रतिबिंब अशा रीतीने पुसून टाकल्यावर समुद्र फिका पडावयास हवा होता. तो उलट अधिकच गडद निळा दिसला. तेव्हा ही निळाई पाण्याच्या अंतर्भागातून येते, हे स्पष्ट झाले. या विषयावरील रामन यांच्या टिपणाखाली मुंबई बंदर, २६ सप्टेंबर १९२१, असा उल्लेख आहे. जहाज धक्क्यास लागते न लागते तोच ते लिहून झाले होते. पुढे प्रकाशाच्या विकिरणावरील ज्या संशोधनाची परिणती १९२८ च्या शोधात आणि १९३० च्या नोबेल पारितोषिकात झाली, त्याचा एक धागा या प्रवासापर्यंत मागे नेता येतो. रामन यांनी पाण्याच्या रेणूंकडून होणाऱ्या विकिरणावर भर दिला होता. पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते, हे कारणही तितकेच, किंबहुना अधिक, महत्त्वाचे आहे असे आज मानले जाते.

चित्रकाराच्या दृष्टीने या प्रयोगाचे सार असे : पाण्याकडे पाहताना डोळ्यात दोन निरनिराळे प्रकाश एकत्र मिसळून येतात. एक पृष्ठावरून परतलेला, म्हणजे आकाशाचा अथवा काठावरील झाडांचा. दुसरा पाण्यात शिरून, गाळला जाऊन परत वर आलेला. पहिल्याचा रंग क्षणाक्षणाला बदलतो. दुसऱ्याचा फार सावकाश बदलतो. पाणी रंगविणे म्हणजे या दोहोंचे प्रमाण जागोजागी बरोबर साधणे होय.

हे प्रमाण मुख्यतः पाहण्याच्या कोनावर अवलंबून असते. सरळ खाली पाहिले असता पाण्याचे पृष्ठ शेकडा दोनच भाग प्रकाश परत पाठविते. लंबापासून साठ अंशांवर ते सुमारे सहा भाग होते, सत्तर अंशांवर तेरा, ऐंशी अंशांवर पस्तीसच्या आसपास. आणि दृष्टी पाण्याला जवळजवळ समांतर झाली की बहुतेक सर्वच प्रकाश परावर्तित होतो. ही वाढ सारखी होत नाही. पुष्कळ वेळ जवळजवळ काहीच घडत नाही आणि अखेरच्या वीस अंशांत सर्व काही घडते. ही गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे विद्यार्थ्यांच्या चित्रांतील पाणी पुढून मागे एकसारखे फिकट होत जाते आणि कागदावर ते उतरणीप्रमाणे दिसू लागते.

आता डोंगा आणि जहाज यांतील फरक पाहा. डोंग्यात बसलेल्या माणसाचा डोळा पाण्यापासून सुमारे एक मीटर उंच असतो. दहा मीटरांवरील पाणी त्याला इतक्या तिरप्या कोनातून दिसते की, त्यातील निम्म्याहून अधिक प्रकाश केवळ प्रतिबिंबाचा असतो. म्हणजे चोरखमाऱ्याच्या जलाशयात डोंग्यातून जे दिसते ते बव्हंशी आकाश आणि अरण्य होय. पाणी असे फारच थोडे. त्याच दहा मीटरांवरील पाणी नऊ मीटर उंचीच्या जहाजाच्या कठड्यावरून पाहिले, तर प्रतिबिंबाचा भाग शेकडा तीनच्या आसपास उरतो. तेथे दृष्टी पाण्यात शिरते. डोंग्यावरून दहा मीटरांवर जी अवस्था येते ती जहाजावरून नव्वद मीटरांवर येते. म्हणून जहाजावरील चित्रकाराच्या चित्रात पुढचा भाग गडद, खोल आणि पारदर्शक असतो, आणि होडीत बसलेल्याच्या चित्रात तो चकचकीत व उजळ असतो. एकाच समुद्राची, एकाच घटकेची दोन चित्रे या कारणाने भिन्न होतील, आणि दोन्ही खरी असतील. चित्र पाहून चित्रकार किती उंचीवर बसला होता हे जाणत्याला सांगता येते. किनाऱ्यावरील छायाचित्र समोर ठेवून 'जहाजावरून' म्हणून केलेली चित्रे येथेच उघडी पडतात.

क्षितिजाचेही असेच. नऊ मीटरांवरून समुद्राचे क्षितिज सुमारे साडेदहा किलोमीटरांवर असते, एक मीटरावरून साडेतीन किलोमीटरांच्या थोडे पलीकडे. जलाशयावर खरे क्षितिज दिसतच नाही. त्याच्या आधी पलीकडचा काठ, झाडी आणि टेकड्या येतात. त्यामुळे जलाशयाच्या चित्राला एक काळी किनार आपोआप लाभते आणि त्या किनारीच्या आधाराने सर्व छटा जुळविता येतात. खुल्या समुद्रावर असा आधार नाही. तेथे पाणी आणि आकाश यांच्यामधील एका रेषेवर सर्व भार पडतो. वारा असताना त्या रेषेजवळचे पाणी त्यावरील आकाशापेक्षा गडद दिसते. कारण लाटांच्या ज्या बाजू पाहणाऱ्याकडे कललेल्या असतात त्या क्षितिजाजवळचे उजळ आकाश न दाखविता त्याहून वरचे, अधिक निळे आकाश दाखवितात. वारा पूर्ण पडला की रेषा विरघळते आणि गलबते अधांतरी तरंगू लागतात. कोकणच्या किनाऱ्यावर सकाळी मतलई वारे मंदावल्यानंतर आणि खारे वारे सुटण्यापूर्वी असा काही काळ येतो. दुपारी खारा वारा सुटला की तीच रेषा सुरीने कापल्यासारखी स्पष्ट होते.

पाण्याच्या अंतर्भागातील रंगाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. स्वच्छ व खोल सागर निळा. किनाऱ्यालगत सूक्ष्म वनस्पती आणि गाळ यांमुळे हिरवा. खाडीच्या मुखाशी पिवळट अथवा मातकट. मुंबईसमोर उथळ सागरतळ दोनशे किलोमीटरांहूनही दूरवर पसरलेला असल्याने किनाऱ्याच्या कडेने जाणाऱ्या प्रवाशाला भूमध्य समुद्राची ती निळाई सहसा भेटत नाही. आपल्या किनाऱ्याची चित्रे अस्सल निळ्याने भरून टाकणे ही बहुधा परदेशी चित्रांची छाया होय. स्वित्झर्लंडमधील फोरेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाण्याच्या रंगाची तुलना करण्यासाठी रंगीत द्रवांच्या नळ्यांची एक श्रेणी सिद्ध केली. जर्मन भूगोलज्ञ ऊले यांनी तिच्यात भर घालून ती निळ्यापासून तपकिरीपर्यंत एकवीस छटांची केली. जहाजांवरून ही नळ्यांची पेटी पाण्याशी ताडून पाहण्याचा प्रघात दीर्घकाळ होता. त्याआधी १८६५ साली इटालियन ज्योतिर्विद सेक्की यांनी पोपच्या जहाजावरून पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडून ती कोठवर दिसते हे मोजले होते. ही दोन्ही साधने इतकी साधी आहेत की, चित्रकाराने ती आपल्या रंगपेटीत ठेवावयास हरकत नसावी. चोरखमाऱ्यासारख्या जलाशयात पावसाळ्याचा गाळ असताना तबकडी हातभर अंतरावर नाहीशी होईल, हिवाळ्यात ती बरीच खाली दिसेल. आणि चित्रातील तपकिरी-हिरव्या छटेचे प्रमाण त्यावरून ठरविता येईल. जलाशयावर आणखी एक सोय आहे. काठच्या गर्द झाडीचे काळे प्रतिबिंब जेथे पडते तेथे आकाशाचा प्रकाश अडतो, आणि पाण्याचा स्वतःचा रंग नेमका त्या सावळ्या पट्ट्यात उघडा होतो. रामन यांना ज्यासाठी लोलक लागला ते कार्य येथे झाडी करते.

घटिका आणि प्रकाश

पाण्याचा प्रश्न असा सोडविता आला तरी काळाचा प्रश्न उरतोच. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो, हे सर्वत्र सारखे आहे. परंतु तो क्षितिजाखाली किती तिरपा उतरतो हे स्थानावर अवलंबून असते. मालवण सोळा अक्षांशावर, मुंबई एकोणिसावर, चोरखमारा एकविसाच्या पलीकडे. या सर्व ठिकाणी सूर्य जवळजवळ उभा बुडतो. त्याचे बिंब क्षितिजाला टेकल्यापासून दिसेनासे होईपर्यंत सव्वादोन-अडीच मिनिटे लागतात, आणि रंगपेटीतील रंग ओळखता येतील इतका संधिप्रकाश त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटे टिकतो. लंडनच्या अक्षांशावर हाच काल वर्षाच्या निरनिराळ्या ऋतूंत अर्ध्या तासाहून अधिक, उन्हाळ्यात पाऊण तासापर्यंत असतो.

या फरकाचा आपल्याकडील चित्रशिक्षणाशी फार जवळचा संबंध आहे. १८५७ साली मुंबईत स्थापन झालेल्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत जलरंगांची जी पद्धती शिकविली गेली ती मूळ इंग्लंडातील होती. एक पातळ थर द्यावा, तो वाळू द्यावा, त्यावर दुसरा द्यावा, अशी ती क्रमबद्ध रीत. इंग्लंडातील लांबलेल्या संध्याकाळी ती चालते. कोकणच्या समुद्रावर पहिला थर वाळेपर्यंत ज्या प्रकाशासाठी तो दिला तो निघून गेलेला असतो. शिवाय दमट हवेत तो वाळतच नाही. येथल्या चित्रकारांपुढे त्यामुळे दोनच मार्ग राहिले : ओल्यावर ओले काम करून एका झपाट्यात चित्र संपविणे, किंवा केवळ टिपण घेऊन चित्र नंतर स्मरणाने रचणे. मुंबई-परंपरेतील उत्तम जलरंगचित्रे बहुधा पहिल्या मार्गाची आहेत. प्रा. प्रल्हाद अनंत धोंड यांची सागरदृश्ये या संदर्भात अवश्य पाहावीत. ज. जी. कलाशाळेचे अधिष्ठातापद भूषविलेल्या या चित्रकाराने कोकणचा समुद्र हाच आपला मुख्य विषय मानला. ओल्या कागदावर रंग पसरू देऊन, नेमक्या क्षणी त्याला थांबवून, कोरा कागद हाच प्रकाश म्हणून राखण्याचे त्यांचे कौशल्य असे आहे की त्यात दुरुस्तीला वावच नाही. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचे नावही 'रापण' असे आहे. किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढावयाच्या त्या मोठ्या जाळ्यात काय येईल हे आधी सांगता येत नाही. ओल्या कागदाचेही थोडेफार तसेच म्हणता येईल.

समुद्राचे नव्हे, पण एकाच पाण्यावरील बदलत्या प्रकाशाचे महाराष्ट्रातील सर्वांत चिकाटीचे चित्रण कोल्हापुरात झाले. आबालाल रहिमान (निधन १९३१) हे मुंबईच्या कलाशाळेत शिकून कोल्हापुरास परतले. छत्रपती शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला. कोटितीर्थाच्या तळ्याच्या सान्निध्यात राहून त्यांनी त्याच पाण्याची, त्याच काठाची चित्रे निरनिराळ्या प्रहरी व निरनिराळ्या ऋतूंत केली. फ्रान्समध्ये मोने यांनी १८९० नंतर गवताच्या गंजींची आणि रूआँ येथील प्रार्थनामंदिराची जी मालिका केली तिच्याशी याची तुलना करण्याचा मोह होतो. तुलना एका मर्यादेपर्यंतच खरी आहे. मोने यांच्यापुढे अनेक चित्रफलक एकाच वेळी मांडलेले असत आणि प्रकाश बदलला की ते फलक बदलीत. त्यांना तसे करण्याची ऐपत होती आणि पॅरिसमध्ये त्या चित्रांना गिऱ्हाईक होते. कोटितीर्थाच्या काठी यांपैकी काहीच नव्हते. शाहू महाराजांच्या निधनानंतर, म्हणजे १९२२ नंतर, आबालालांनी आपली पुष्कळ चित्रे तळ्यात बुडविली, असे सांगितले जाते. कथेतील तपशील काहीही असो, त्यांच्या हातून जेवढे काम झाले त्यातील थोडाच भाग आज पाहावयास मिळतो, ही हानी मोठी आहे. एकाच जलाशयाचा प्रकाशाच्या दृष्टीने असा अभ्यास दुसऱ्या कोणी केल्याचे उदाहरण मराठी मुलखात सहज आढळत नाही.

जहाज हलत असताना

तळ्याच्या काठी बसलेला चित्रकार स्थिर असतो. डोंगा बांधून ठेवला तर तोही जवळजवळ स्थिर. जहाज मात्र चालत असते. बारा सागरी मैलांच्या वेगाने जाणारे जहाज तासाला सुमारे बावीस किलोमीटर जाते. वीस मिनिटांच्या संधिप्रकाशात ते सात किलोमीटरांहून अधिक पुढे गेलेले असते. मुंबईहून विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जाणाऱ्या आगबोटी कोकणी माणसाच्या जीवनाचा भाग होत्या. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती वाहतूक बंद पडली. दक्षिणेकडे जाणाऱ्या त्या बोटीवर सायंकाळी उजव्या हातास सूर्य आणि तळपणारा समुद्र असे, डाव्या हातास सह्याद्रीपर्यंतचा किनारा तांबूस उजेडात न्हालेला असे. एकाच बोटीवर, एकाच वेळी, पाठ फिरविली की प्रकाशाचा सर्व न्याय उलटा होई. आणि बंदरात शिरण्यासाठी बोट वळली की उजव्याचे डावे होई. मचव्यात उतरणाऱ्या उतारूंच्या गलबल्यात कोणी चित्रफलक मांडून बसणे शक्य नव्हते, ही गोष्ट निराळी.

लाटांची अडचण याहून सूक्ष्म आहे. खोल पाण्यात सहा सेकंदांच्या आवर्तनाची लाट सेकंदाला नऊ मीटरांहून अधिक वेगाने जाते आणि तिची लांबी पन्नास मीटरांवर असते. जलाशयावर वाऱ्याला धावण्यास जागा थोडी. तेथील दीड सेकंदाची लाट साडेतीन मीटरांची. जलाशयात वारा थांबला की लाट थांबते. समुद्रावर मात्र हजारो किलोमीटर दूर, दक्षिण महासागरात उठलेल्या वादळांची लांब उसळी आपल्या किनाऱ्यापर्यंत पोचत राहते. म्हणून समुद्र वारा नसतानाही आरशासारखा सपाट होत नाही; त्याच्या तकाकीखाली सावकाश श्वास चालू असतो. चोरखमाऱ्याच्या पाण्यावर सराव केलेल्या चित्रकाराने प्रथम शिकावयाची गोष्ट हीच. जलाशयातील स्थिर प्रतिबिंबे समुद्रावर नेली, तर समुद्राचे डबके होईल.

सूर्याखालच्या चकाकत्या पट्ट्याचे शास्त्र १९५४ साली कॉक्स व मंक या दोन संशोधकांनी विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून मांडले. वारा वाढला की लाटांचे उतार वाढतात आणि चकाकीचा पट्टा रुंदावतो. वारा मंद असता तो अरुंद खांबासारखा दिसतो. पट्ट्याच्या रुंदीवरून वाऱ्याचा अंदाज येतो. तेव्हा चित्रात शिडे फुगलेली आणि चकाकी मात्र दोरीसारखी बारीक, अशी विसंगती होता कामा नये. ती पुष्कळ चित्रांत असते.

ही चकाकी कागदावर आणावयाची कशी? पांढरा कागद काळ्या रंगापेक्षा वीस-तीस पटींहून फारसा उजळ नसतो, आणि समुद्रावरील चकाकी छायेतील पाण्यापेक्षा हजारो पटींनी उजळ असू शकते. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८७० नंतरच्या काही वर्षांत दिलेल्या व्याख्यानांत हा मुद्दा विशद केला होता : चित्रकार प्रकाशाची नक्कल करीत नाही, प्रमाणांचे भाषांतर करतो. जहाजावर या भाषांतरात एक ठरलेली चूक होते. उन्हात कागद धरला की तो डोळ्याला इतका उजळ भासतो की चित्रकार नकळत रंग गडद लावतो, आणि खोलीत आणल्यावर चित्र काळवंडलेले दिसते. संध्याकाळी याहून वेगळा घोटाळा होतो. मंद प्रकाशात डोळ्याला निळे अधिक उजळ आणि तांबडे अधिक काळे दिसू लागते. बोहेमियातील पुर्किन्ये यांनी १८२५ साली हे निरीक्षण नोंदविले. सूर्यास्तानंतर जुळविलेला तांबडा रंग सकाळी पाहिला असता भडक वाटतो तो यामुळे. कागद सदैव छायेत ठेवणे आणि कोणता रंग कोणत्या खणात आहे हे अंधारातही हाताला माहीत असणे, हे दोन उपाय जुने असले तरी त्यांना पर्याय नाही. खाऱ्या तुषारांचा उपद्रव निराळाच. ओल्या थरावर मिठाचा कण पडला की त्याभोवती पांढरट चांदणी उमटते, आणि मीठ हवेतील ओल शोषून घेत असल्याने कागद पुढे दीर्घकाळ दमट राहतो.

या सर्व अडचणींवर मोठमोठ्या चित्रकारांनी शोधलेले उपाय परस्परविरोधी आहेत. इंग्लंडातील कॉन्स्टेबल यांनी १८२१ व १८२२ साली मेघांची चित्रे झपाट्याने रंगवून त्यांच्या मागे तारीख, वेळ आणि वारा लिहून ठेवला. १८८३ साली क्राकाटोआ ज्वालामुखीच्या स्फोटानंतर जगभर जे विलक्षण सूर्यास्त दिसू लागले त्यांची चित्रे लंडनच्या चेल्सी भागातून विल्यम ॲस्क्रॉफ्ट यांनी रंगीत खडूंनी काही मिनिटांच्या अंतराने काढली. त्यांची संख्या पाचशेहून अधिक भरली. याच्या अगदी उलट रशियन सागरचित्रकार ऐवाझोव्स्की. त्यांच्या मते वीज, वाऱ्याचा झोत, लाटेचा उसळता तुषार यांचे चित्र निसर्गासमोर बसून काढताच येत नाही. ते स्मरणातूनच काढावे लागते. जहाजांवरून त्यांनी पुष्कळ प्रवास केला, पण मोठी चित्रे चित्रशाळेत रंगविली. टर्नर यांनी वादळात स्वतःला डोलकाठीशी बांधून घेतले आणि मग १८४२ चे आपले प्रसिद्ध आगबोटीचे चित्र केले, अशी आख्यायिका आहे. तिच्या सत्यतेविषयी अभ्यासकांना शंका आहे. ती खरी धरली तरी त्यावरून एवढेच निष्पन्न होते की डोलकाठीला बांधलेल्या माणसाच्या हातात कुंचला नव्हता.

यांपैकी कोणता मार्ग स्वीकारावा, हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. वीस मिनिटांत पाहिलेल्या अनेक प्रकाशांतील उत्तम तेवढे निवडून एका चित्रात गोळा करणे सोपे असते, आणि असे चित्र लोकांना आवडते. सायंकाळचे आकाश सहा वाजून दहा मिनिटांचे, पाणी सव्वासहाचे आणि शिडावरील ऊन पावणेसहाचे, अशा चित्रात कोठेतरी काहीतरी खोटे आहे हे न कळणाऱ्यालाही जाणवते. एका क्षणाला बांधून घेणे हा येथे प्रामाणिकपणाचा भाग आहे. स्मरणाचा आश्रय घेण्यास प्रत्यवाय नाही, परंतु स्मरण एकाच क्षणाचे असले पाहिजे. फ्रान्समधील लकोक द ब्वाबोद्रां यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्मरणचित्रणाचे पद्धतशीर शिक्षण देण्यास आरंभ केला होता. आपल्या कलाशाळांतून 'स्मरणचित्र' हा विषय बराच काळ होता, पण तो बहुधा बाजार, जत्रा आणि विहिरीवरील बाया यांपुरताच राहिला. प्रकाशाच्या स्मरणाची परीक्षा क्वचितच घेतली गेली.

चोरखमाऱ्यासारख्या जलाशयावर असा अभ्यास सहज करण्यासारखा आहे. त्याला मोठी सामग्री लागत नाही. तळहाताएवढे कागदाचे तुकडे, चार-पाच रंग, एक घड्याळ आणि डोंगा स्थिर धरणारा माणूस एवढे पुरे. पाच-पाच मिनिटांनी एकेक तुकडा रंगवून त्यामागे वेळ आणि वारा लिहावा. प्रत्येक तुकड्यावर तीनच छटा असाव्यात : माथ्यावरील आकाशाची, काठाच्या प्रतिबिंबातील पाण्याची आणि उघड्या पाण्याची. त्यानंतर काठावर किंवा बंधाऱ्यावर उंच जागी उभे राहून हाच क्रम दुसऱ्या दिवशी त्याच घटकेस करावा. डोळ्याची उंची वाढल्याबरोबर तिसरी छटा पहिलीपासून कशी दुरावते आणि दुसरीकडे कशी झुकते, हे तुकडे शेजारी मांडले की दिसेल. जहाजाच्या कठड्यावरील चित्रकाराला जे ज्ञान लागते त्यातील निम्मे येथे हाती येते. उरलेले निम्मे, म्हणजे लांब उसळी, हलते क्षितिज आणि खारी हवा, यांसाठी मात्र किनारा गाठावा लागेल, आणि तोही नारळी पौर्णिमेनंतर. पावसाळ्याच्या चार महिन्यांत लहान नौका समुद्रात घालणे धोक्याचे असते आणि त्या दिवसांतील समुद्राचे चित्र किनाऱ्यावरूनच काढावे लागते.